अळणी तीज

मी माझ्या चुलत बहिणीवर जळते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी मला समंजस, सोसणारी वगैरे समजायला नको. ती काकाची मुलगी, माझ्याहून काही महिन्यांनी लहान. बोरी अरबच्या पलीकडे आमचा बंजाऱ्यांचा तांडा आहे, तिथे आमची दोन घरं एकाच भिंतीला टेकलेली आहेत. भिंतीपलीकडे काय शिजतंय त्याचा वास इकडे येतो आणि भिंतीपलीकडच्या पोरीचं कौतुकही इकडे ऐकू येतं. लहानपणी दोघींना एकाच कापडाचे फ्रॉक शिवायचे. तिच्या अंगावर तो फ्रॉक दिसायचा, माझ्या अंगावर कापड दिसायचं.

बारावीनंतर दोघींना यवतमाळला कॉलेजात घातलं. एकच वर्ग, एकच होस्टेल, एकच खोली. घरच्यांना वाटलं, एकमेकींची सोबत होईल. मला मात्र वाटलं होतं की एवढ्या मोठ्या शहरात तरी आमची तुलना करणारं कुणी भेटणार नाही. पहिल्याच आठवड्यात मेट्रनबाईंनी विचारलं, "तू तिची बहीण का गं?" त्यानंतर माझं नाव होस्टेलात कुणी फारसं घेतलं नाही.

पहिलं वर्ष तसं बरं गेलं. दुसऱ्या वर्षी गॅदरिंगच्या सुमारास तिला काय झालं कोण जाणे, ती एकदम पेटलीच. झोप नाही, भूक नाही, आणि चेहरा मात्र नुकता धुतल्यासारखा. रात्रभर अभ्यास करायची आणि सकाळी माझ्याआधी तयार. नाटकात काम, वक्तृत्वात पहिला नंबर, गॅदरिंगचं सूत्रसंचालनही तिच्याकडेच. तांड्यातल्या बायकांचं काचेचं भरतकाम मोबाइलवरून विकायची तिची योजना होती, ती तिने प्राचार्यांच्या केबिनमध्ये जाऊन त्यांना ऐकवली. प्राचार्यांनी म्हणे चहा पाजला. होस्टेलच्या मुलींना ती गच्चीवर गोरबोली शिकवायला लागली आणि ज्या मुली आमच्या बोलीला हसायच्या, त्याच आता जेवताना एकमेकींना 'याडी, याडी', म्हणजे 'आई, आई', म्हणून हाका मारत होत्या. मी तीच बोली जन्मापासून बोलते. मला कधी कुणी एक शब्द विचारला नव्हता.

माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी दहा वाजता झोपणारी, सकाळी नोट्स काढणारी, जेमतेम साठ टक्के मिळवणारी पोरगी. सर वर्गात म्हणाले, "हिच्याकडून शिका जरा, झोपा काय काढता!" आणि बघितलं नेमकं माझ्याकडे. मी एक-दोनदा जागून पाहिलं. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत डुलकी लागून माझ्या हातून चंचुपात्र फुटलं, तेवढीच माझी कमाई.

ती बोलायला लागली की मध्ये शब्द घालायला जागाच नसे. एका विषयावरून दुसऱ्यावर उडी, तिथून तिसऱ्यावर, आणि ऐकणारे हसून हसून बेजार. आपली नवी चप्पल तिने भांडेवालीला दिली, स्वेटर स्वयंपाकवाल्या मावशींना. मावशींनी तिच्या डोक्यावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. एवढ्या सगळ्यांना ती आवडत होती की त्यात काही बिघडलेलं आहे असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. मी म्हटलं असतं, तर ते जळण्यात जमा झालं असतं. आणि खरं सांगायचं तर मलाही ती बिघडलेली नव्हती वाटत. मला ती फक्त माझ्या पुढे गेलेली वाटत होती.

मग ती खाली आली. गॅदरिंगच्या मागोमाग परीक्षा लागली आणि ही भिंतीकडे तोंड करून पडली ती पडलीच. अंघोळ नाही, वेणी नाही, ताटातली पोळी तशीच वाळलेली. मेट्रनबाई म्हणाल्या, प्रेमभंग असेल. काकी म्हणाली, बाहेरचं लागलं. मुली खोलीत येऊन तिच्या उशाशी बसायच्या, हळू आवाजात बोलायच्या. मी माझी परीक्षा देत होते, मला कुणी पेपर कसा गेला हेही विचारलं नाही. माणूस वर गेला तरी त्याचंच कौतुक आणि खाली आला तरी त्याचीच काळजी, मधल्या माणसाने करायचं काय, असा प्रश्न मला तेव्हा पडायचा.

उन्हाळ्यात पुन्हा उसळी आली. एके दुपारी भर उन्हात ती यवतमाळहून तांड्याकडे पायीच निघाली, गाणी म्हणत, अनवाणी. लोहाऱ्याच्या पुढे एका रसवंतीवाल्याने तिला सावलीत बसवून ठेवलं आणि तिच्याच मोबाइलवरून काकाला फोन लावला. काका आणि मी पोचलो, तेव्हा ती त्याच्या गिऱ्हाइकांना भाषण देत होती. पायाला फोड आले होते. ती मला पाहून म्हणाली, "आली का तू? ये, तुले बी घेऊन जातो." तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले.

यवतमाळच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराची ओपीडी एका लांब व्हरांड्याच्या टोकाला आहे. बाहेर बाक टाकलेले. मला वाटलं होतं, हिचा आजारही हिच्यासारखाच काहीतरी खास असणार, लाखात एखाद्यालाच होणारा. बाकावर पाहते तर निम्मी पोरंपोरी आमच्या वयाची. पोरींनी ओढणीने तोंड बांधलेलं, नुसते डोळे उघडे. पोरांनी टोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली. पण कॉलेजात रोज दिसणारी माणसं टोपीने थोडीच लपतात! आमच्या क्रिकेट टीमचा कप्तान तिथे होता. होस्टेलच्या वरच्या मजल्यावरची, कायम वाचनालयात दिसणारी मुलगी होती. तिने मला ओळखलं, मी तिला ओळखलं, आणि दोघींनी लगेच पंख्याकडे पाहिलं. उमरखेडहून पहाटेच्या एसटीने आलेला एक मुलगा वडिलांच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपला होता.

डॉक्टरांनी काकाला आजाराचं नाव सांगितलं, बायपोलर. मन कधी उधाणतं, कधी तळाला जातं. गोळ्या नेमाने घेतल्या तर माणूस शिकतो, नोकरी करतो, संसार करतो. काका खुर्चीच्या कडेवर बसला होता. त्याने एकच विचारलं, "साहेब, आमच्याच घरी काहून?"

"तुमच्याच घरी नाही," डॉक्टर म्हणाले. "हा आजार बहुतेक याच वयात डोकं वर काढतो, कॉलेजच्या वयात. बाहेर बसलेल्या सगळ्यांना हाच आहे असं नाही. कुणाला नुसतीच उदासी असते, कुणाला परीक्षेची धास्ती. पण हा आजारही तुम्हाला वाटतो तेवढा दुर्मीळ नाही. असं कॉलेज मला दाखवा की जिथे एकही नाही."

मी विचारलं, "म्हणजे किती असतात, सर?"

"जे येतात ते मी मोजू शकतो. जे येत नाहीत ते तुझ्याच वर्गात बसलेले असतात. कुणाला हुशार म्हणतात, कुणाला आळशी."

मग त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. त्यात मुख्य लिथियम. ते स्वतःच एक प्रकारचा क्षार आहे म्हणाले, म्हणून पाणी भरपूर प्यायचं, जेवणातलं मीठ आहे तेवढंच ठेवायचं, कमी करायचं नाही, आणि ठरावीक दिवसांनी रक्त तपासायला यायचं. काका प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. बिचाऱ्याच्या कानात फक्त आजाराचं नाव घुमत होतं.

त्या वर्षी तिला घरीच ठेवलं. मी पुढच्या वर्गात गेले. आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्या पुढे होते आणि मला त्याचं सुख मिळू नये अशी पद्धतशीर व्यवस्था घरच्यांनी केली. सुट्टीत गेले की याडी म्हणायची, "हळू बोल, तिकडं थे झोपली हाय." मेथीचे लाडू झाले की पहिला डबा भिंतीपलीकडे. तिची झोप किती झाली, भाकरी किती खाल्ली, हसली का, हे सगळा तांडा विचारायचा. मला ताप आला तेव्हा याडीने तापाची गोळी दिली आणि निंदणाला गेली. बहीण गोळ्यांनी आता जाड झाली होती, सावकाश बोलायची, हात किंचित थरथरायचा. तरीही तिने गाणं धरलं की म्हाताऱ्या बायका हातातलं काम ठेवायच्या. मी गायले की म्हणायच्या, "पाणी भरून झालं का वं?"

श्रावणात आमच्याकडे तीज असते. तांड्यातल्या बिनलग्नाच्या पोरी बांबूच्या टोपल्यांत वारुळाची माती आणि शेणखत घालून भिजलेले गहू पेरतात. नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, घरी मांडवाखाली टोपल्या ठेवतात. रोज विहिरीवरून गाणी म्हणत पाणी आणायचं आणि शिंपायचं. राखीला पेरलेली तीज गोकुळाष्टमीपर्यंत वीतभर वाढते. कुणाची उंच, कुणाची खुरटी, हे सगळ्यांच्या डोळ्यासमोर. म्हणजे पाहा, आमच्यात जळायलासुद्धा सण आहे. इतर तांड्यांचं मला माहीत नाही, पण आमच्या तांड्यात तीज पेरणाऱ्या पोरी विसर्जनापर्यंत अळणी खातात. मिठाचा कणही तोंडात घ्यायचा नाही.

त्या वर्षी तीज पेरली तेव्हा मी यवतमाळात सबमिशनच्या गडबडीत होते. माझ्या नावाची टोपली याडीने पेरली. मी तांड्यावर पोचले तेव्हा तीज चांगली वर आली होती. अर्थातच तिची सगळ्यात उंच होती. माझी टोपली एका बाजूने टकली. मी पिशवी खांद्यावरून उतरवायच्या आत ते पाहून घेतलं.

मग तिला पाहिलं. ती विहिरीवरून पोरींच्या रांगेत येत होती आणि तिचे पाय दारू प्यायल्यासारखे पडत होते. हात असा थरथरत होता की तांब्यातलं पाणी मांडवापर्यंत पोचतच नव्हतं. मला पाहून काहीतरी बोलली, ते शब्द तोंडात चिकटून राहिले. टोपलीवर वाकली आणि तिथेच ओकली. तिची तीज उपडी झाली.

बायकांचा कालवा उठला. दोन दिवसांपासून जुलाब होते, हात जास्तच कापत होते, हे मला तेव्हा कळलं. एक म्हातारी म्हणाली, "सगळ्याईत उंच वाढली नं तिची. कोणाची त नजर लागली."  त्याबरोबर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. एवढी वर्षं मला वाटत होतं की मी गुपचूप जळते. सगळ्या तांड्याला ठाऊक होतं. आणि टोपली पाहून माझ्या पोटात नुकतंच जे दुखलं होतं ते आठवून मलाही क्षणभर वाटलं, लागली की काय माझी नजर!

काकी आतून धावत आली. तिच्या एका मुठीत खडेमीठ, दुसऱ्या मुठीत लाल मिरच्या. तिने पोरीच्या डोक्यापासून पायापर्यंत मुठी उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. मीठ तडतडलं. "पाहा, मिरच्याचा ठसका बी नाही आला," काकी रडत म्हणाली, "नजरच हाय." आणि पुन्हा मिठाच्या मडक्यात हात घातला.

त्या मुठीकडे बघता बघता मला डॉक्टरांची खोली आठवली. घरातलं सगळं मीठ तिच्या डोक्यावरून उतरत होतं आणि तिच्या पोटात कितीतरी दिवसांत एक खडा गेला नव्हता.

"काकी, हिनं मीठ कवापासून नाही खाल्लं?"

"तीज पेरली तवापासून. सगळ्याच पोरी नाही खात. आन मीठ कमीच चांगलं नं, थे बीपीवाली नर्सबाई बी सांगून गेलती."

"आन गोळ्या?"

"थ्या त माह्या हातानं देतो. एक बी चुकवली नाही," काकी म्हणाली. रडतानाही तिच्या आवाजात थोडा अभिमान होता.

मी ओरडले. काय ओरडले ते नीट आठवत नाही, पण 'मीठ' आणि 'गाडी' हे शब्द त्यात होते. नायकाने जीप काढली. वाटेत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि ती मला ओळखत नव्हती. तेवढ्या वेळात मी जळले नाही. बाकी वेळेबद्दल शपथ घेणार नाही.

दवाखान्यात रक्त काढलं, लिथियम बंद केलं, सलाईन लावलं. डॉक्टरांनी काकाला समजावलं की अंगातलं मीठ घटलं की शरीर ते औषध धरून ठेवतं, बाहेर टाकत नाही, आणि तेच औषध विष होतं. त्यात जुलाबाने पाणीही गेलं. आणखी उशीर झाला असता तर हाताबाहेर गेलं असतं. काका सलाईनच्या बाटलीकडे पाहत होता. त्यात काय असतं असं त्याने विचारलं, नर्सने सांगितलं, मीठपाणीच. "आपले बापजादे बैलाईवर मीठ लादून मुलूखभर हिंडले," काका मला म्हणाला, "आन आपली पोरगी मिठावाचून पडली."

आणि मग त्याने ठरवून टाकलं की गोळ्या बंद. ज्या गोळीने पोरगी मरायला टेकली ती घरात नको. डॉक्टर म्हणाले, गोळी सोडली तर ते उधाण पुन्हा येईल, तो खड्डाही पुन्हा येईल, आणि दरवेळी रसवंतीवाला भेटतोच असं नाही. काका दोन दिवस व्हरांड्यात फेऱ्या मारत राहिला. शेवटी म्हणाला, "तिलेच विचारा. थे घेतो म्हणन त घेऊ द्या. मी जबरदस्ती करत नाही."

ती शुद्धीवर येऊन आता उठून बसत होती. शेजारच्या खाटेवर झरी जामणीकडच्या एका गावातली मुलगी आली होती, वणीला कॉलेजात शिकणारी. आमच्याच वयाची, हाच आजार, पहिल्यांदाच कळलेला. ती कुणाशी बोलत नव्हती. तिची आई तिच्या केसांतला गुंता सोडवायला गेली की ती हात झटकायची. माझी बहीण सलाईनची सुई सांभाळत तिच्या खाटेवर जाऊन बसली आणि तिची वेणी घालायला लागली. हात थरथरत होता म्हणून वेणी वाकडी झाली. त्या मुलीने ती तशीच ठेवली. त्यानंतर तिची आई बारीकसारीक गोष्टही माझ्या बहिणीलाच विचारायची. मी शेजारी धडधाकट बसलेली, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेली. मला तिने फक्त पाणी कुठे मिळतं ते विचारलं.

डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू करायचं ठरवलं, कमी मात्रेत. सकाळी नर्स तिच्या तळहातावर गोळी ठेवून पुढच्या खाटेकडे गेली. काका चहाला गेला होता. ती गोळीकडे बघत राहिली.

"एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार नं."

"थ्या दिवसात मी कशी होती वं? गॅदरिंगच्या टायमाले. डॉक्टर म्हणते आजार होता. याडी म्हणते बाहेरचं होतं. तू त खोलीतच होती. चांगली होती का नाही मी?"

खोटं बोलणं सोपं होतं. नव्हतीस गं, वेड्यासारखी करत होतीस, लोक मागे हसायचे, एवढं म्हटलं की काम झालं असतं. पण तिने मलाच का विचारलं ते मला कळत होतं. साऱ्या कॉलेजात माझ्याएवढं निरखून तिच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. जळणाऱ्या माणसाचं लक्ष डॉक्टरपेक्षा बारीक असतं.

"भल्ली चमकत होती तू," मी म्हटलं. "जळून कोळसा झाली होती मी."

तिचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. "मंग हे कायले खाऊ मी? हे खाल्लं का तशी नाही राहत नं मी. पाह्य, अंग कसं सुटलं. बोलाले शब्द नाही सापडत. माह्याकडं कोण पाह्यते आता?"

मला राग आला. खरोखरच आला. एवढी हुशार पोरगी आणि इतकी आंधळी!

"कोण पाह्यते? मी पाह्यतो! तुह्या गोळ्या चालू झाल्या तवापासून एक दिवस सोडला नाही. तू गाणं धरलं का म्हाताऱ्या काम ठेवते, मी जळतो. लाडवाचा डबा पहिले तुह्या घरी जाते, मी जळतो. काल थ्या पोरीनं तुह्या हातची वाकडी वेणी ठेवली डोक्यावर, मी कालपासून जळून राह्यली. आता तुह्यात काही राह्यलंच नसतं, त मी कायले जळली असती? मले काही दुसरे कामं नाहीत का?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. मी खोटं बोलते तेव्हा तिला कळतं, लहानपणापासून कळतं.

"खरंच?" तिने विचारलं.

"याडीची शपथ."

ती हसली. गोळी जिभेवर ठेवली, ग्लास दोन्ही हातांनी धरला आणि पाणी पिऊन टाकलं. मग तोंड पुसून म्हणाली, "मंग खातो मी रोज. तू मातर जळाचं सोडू नको बरं."